आईची कॅन्सरची गोळी, नखुरडं, चिरा, जुलाब... अनुभव सांगा प्लीज

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुडत असते, आज वेगळाच विषय आहे. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

आईला (वय ६६, साताऱ्याला असते, आयुष्यात मिश्रीसुद्धा लावली नाही) मागच्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ॲडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज, मणक्यापर्यंत गेलेला. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर टेस्ट (गाठीच्या जनुकात बदल, म्हणजे म्युटेशन, आहे का ते बघतात ती) केली तर एक्झॉन १९ डिलीशन नावाचं म्युटेशन आलं म्हणून किमोऐवजी ओसिमर्टिनिब, ८० एमजी, रोज एक गोळी. औषधाच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही बरं का. ऑक्सिजनवर असलेली बाई दिवाळीत चकल्या पाडत होती, स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून कमी. डॉक्टर म्हणाले रिस्पॉन्स उत्तम.

पण बाकीचं कोण बघणार? दोन्ही पायांच्या अंगठ्यांना नखुरडं झालंय, नखाच्या कडेला लाल मांस वर आलंय, पांघरुणाचा काठ लागला तरी कळवळते. हाताच्या बोटांच्या टोकांना चिरा, कणीक मळवत नाही, लिंबू पिळायचं तर नावच नको. अंगाची कातडी कोरडी, खाज. जुलाब येऊन जाऊन असतात. आणि खरी अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांच्या समोर बसली की "छान आहे सगळं, काही त्रास नाही", कारण तिला वाटतं त्रास सांगितला तर गोळी काढून घेतील आणि मग किमो देतील. घरी मात्र कुठे लग्नाला, हळदीकुंकवाला जायचं असलं की दोन दोन दिवस गोळी परस्पर चुकवते. परवा स्ट्रिप मोजल्या तेव्हा कळलं.

तर या गोळ्यांवर असलेल्या किंवा घरात कोणी असलेल्या लोकांनी काय केलं ते सांगा. डॉक्टरांना विचार हा सल्ला नको, ते करणारच आहे, पण काय विचारू ते तरी कळू दे.

---

पंचगंगेकाठी

ताई, आमच्या ह्यांना आधी गेफिटिनिब होतं, नंतर टी७९०एम का काय ते म्युटेशन निघालं म्हणून तुमचीच गोळी. दोन्हीचं बघितलंय त्यामुळे सांगते. गेफिटिनिबवर तोंडावर पुरळ जास्त होतं, ह्या गोळीवर ते कमी पण नखांचं जास्त.

नखुरड्याला आमच्या स्किनच्या डॉक्टरांनी पहिलं सांगितलं की कोपरे कोरून काढायचे नाहीत. आपल्याकडे सवय असते ना, नखाचा कोपरा टोचतोय म्हणून ब्लेडने आत जाऊन कापायचा. तेच चुकतं, तिथूनच जंतू जातात. नख सरळ कापायचं आणि थोडं लांबच ठेवायचं. रोज पाय बुडवायला पाणी, त्यात पांढरं व्हिनेगर, एक वाटी व्हिनेगरला दहा वाट्या पाणी. मग टिपून पूर्ण कोरडं करायचं, ओलं ठेवून मोजे घातले तर काय उपयोग. वरनं अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असलेलं मलम दिलं होतं. मांस फारच वाढलं होतं तिथे सिल्व्हर नायट्रेट लावून जाळलं, दोन मिनिटांचं काम, चुरचुरलं पण नंतर चप्पल घालता आली.

आणि अजून एक, टेपिंग. चिकटपट्टीची एक बाजू नखाजवळच्या मांसावर चिकटवायची, मांस नखापासून लांब ओढायचं आणि पट्टी बोटाभोवती तिरकी गुंडाळायची म्हणजे नख टोचत नाही. नर्सकडून एकदा शिकून घ्या, लिहून कळणार नाही.

चिरांना रात्री युरिया असलेलं क्रीम, त्यावर पेट्रोलियम जेली, वर सुती हातमोजे घालून झोपायचं. भांड्यांना आई हात लावत असतील तर आजच बंद करा. लावायचाच असेल तर आतून सुती आणि वरून रबरी मोजे. लिंबू, चिंच, मिरच्या चिरणं सगळं दुसऱ्यांनी.

---

निवांत_निशाचर

पंचगंगेकाठी यांना अनुमोदन. फक्त एक भर, तोंडावर पुरळ उठलं तर ते दिसतं पिंपल्ससारखं पण ती पिंपल्स नाहीत. माझ्या बहिणीने (एर्लोटिनिबवर होती) दुकानातून बेंझॉइल पेरॉक्साइडचं पिंपल्सवालं क्रीम आणून लावलं, चेहरा टोमॅटो. कातडी आधीच कोरडी असते, ही क्रीमं आणखी सुकवतात. तिला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, साधं मॉइश्चरायझर आणि उन्हात जाताना सनस्क्रीन एवढ्यावर आटोक्यात आलं.

आणि पापण्या! कोणी सांगत नाही पण पापण्यांचे केस लांब आणि वाकडे वाढतात, आत वळून डोळ्याला टोचतात. लोक कौतुक करायचे, काय गं पापण्या, कुठलं मस्करा. डोळे लाल व्हायला लागले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी कापून दिल्या. घरी कात्री लावू नका.

---

दुकानदार_भाऊ

मी औषधाच्या दुकानात बसतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण प्रिस्क्रिप्शनं रोज बघतो त्यातलं लिहितो, कारण लोक चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या घेऊन येतात आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं.

या गोळ्यांचे जेवणाचे नियम वेगवेगळे आहेत, शेजारणीचे नियम आपल्याला लावू नका. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. अलेक्टिनिब मात्र जेवणासोबतच, नाहीतर नीट लागू पडत नाही. ओसिमर्टिनिब कसंही चालतं.

गेफिटिनिब आणि एर्लोटिनिबला पोटात ॲसिड लागतं. आपल्याकडे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल शेंगदाण्यासारखं खातात, त्याने ह्या दोन गोळ्यांचं शोषण कमी होतं. ओसिमर्टिनिबला तसा फरक पडत नाही. एर्लोटिनिबवर असताना कोणी सिगारेट ओढत असेल तर औषधाची रक्तातली पातळी घसरते, हे पेशंटला सांगितलं की तोंड बघण्यासारखं होतं.

फिटच्या गोळ्या. मेंदूत गाठ गेलेल्यांना फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन दिलेलं असतं, कधी कार्बामाझेपिन. ही दोन्ही औषधं लिव्हरला कामाला लावून कॅन्सरची गोळी लवकर संपवून टाकतात. लेव्हेटिरासिटाम असेल तर तो प्रश्न नाही. चिठ्ठीवर असं काही दिसलं तर मी फोन करायला सांगतो, स्वतः बदलून देत नाही.

आणि कंदीताई, आईंना खोकला सर्दी झाली की गल्लीतले डॉक्टर अझिथ्रोमायसिन लिहितात, उलटी झाली की ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडॉन. ओसिमर्टिनिबने ईसीजीमधला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबतो, ह्या औषधांनीही लांबतो. एकत्र आले तर ठोक्यांची गडबड होऊ शकते. घ्यायचंच नाही असं नाही, पण ऑन्कोलॉजिस्टला विचारून आणि ईसीजी बघून. बिलाच्या मागे चालू गोळ्यांची नावं लिहून पाकिटात ठेवा.

---

सातारी_कंदी

बापरे, अझिथ्रोमायसिन तर मागच्याच महिन्यात झालं. ईसीजी कोणी काढला नाही. नोंद केली. भाऊ खूप आभार.

---

संत्रानगरी

ताई मी नागपूरची. माझ्या आत्याला गेफिटिनिबसोबत किमोपण चालू होती, पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. आम्ही पण आधी भांडलो का बाप्पा गोळी लागू पडून राहिली तर किमो कशाला. मग डॉक्टरांनी समजावलं की परळच्या टाटामध्येच ३५० पेशंटवर अभ्यास झालेला आहे, नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने थांबला आणि किमो जोडली त्यांच्यात १६ महिने. त्रास पण जास्त झाला हे पण त्यांनी सांगितलं, गंभीर त्रास निम्म्या लोकांना, नुसत्या गोळीवर त्याच्या निम्मे. म्हणजे फुकटात काही नाही. आत्या म्हणाली करा.

आता पेमेट्रेक्सेडचं सांगते कारण ते बऱ्याच जणांना भेटते. फॉलिक ॲसिडची गोळी आठवडाभर आधीपासून रोज, आणि बी१२ चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी. लोकांना वाटते व्हिटॅमिन आहे, राहिलं तर राहिलं. तसं नाही, ते नसलं तर तोंड येते, पांढऱ्या पेशी धडाधड पडतात. किमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) असते पुरळ येऊ नये म्हणून. त्या तीन दिवसांत आत्याची शुगर साडेतीनशे चारशे, रात्रभर टक्क जागी, आणि उचक्या! जेवताना उचकी, बोलताना उचकी, घरातले म्हणायचे कोण आठवण काढून राहिलं एवढी. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी डेक्साचं वेळापत्रक सकाळ दुपार केलं, रात्रीचा डोस नाही, उचकीची गोळी दिली, शुगरसाठी तेवढ्या दिवसांपुरतं इन्सुलिन. आम्ही दोन सायकल गप्प बसलो होतो का किमोत असंच होत असेल म्हणून.

राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत होतो. स्वयंपाकाची, झोपायची सोय, आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच, त्यामुळे कोणाच्या तोंडाला चव कशाने येते ते तिथेच कळते. आत्याला गोड सगळं कडू लागायचं, वरणात लिंबू आणि आंबट ताक तेवढं जायचं.

---

वेदांत_विचारमंथन

सगळं वाचलं. वाईट वाटतं की आपण रोगापेक्षा औषध भयंकर करून ठेवलंय. माझ्या ओळखीत एकांनी ही सगळी विषं बंद करून फक्त काढा, हळद-काळी मिरी आणि गोमूत्र यावर दोन वर्षं काढली. शरीराला शुद्ध होऊ द्या. आईंची इच्छा असेल तर जबरदस्ती का?

---

पंचगंगेकाठी

वेदांत, त्यांच्या आईची इच्छा गोळी बंद करायची नाहीये. गोळी कोणी काढून घेईल ही भीती आहे. धागा परत वाचा.

---

दुकानदार_भाऊ

हळद जेवणात किती पण घाला. पण कर्क्युमिनच्या कॅप्सूल, गुळवेलीचा काढा, निरनिराळी भस्मं ह्या गोळ्यांसोबत घेऊन लिव्हर बिघडलेले लोक मी बघितलेत. अडचण अशी होते की एसजीपीटी वाढलं की डॉक्टरांना कळत नाही कशाने वाढलं, आणि मग ते आधी कॅन्सरचंच औषध थांबवतात. म्हणजे काढ्यापायी गोळी गेली. जे काय घेताय ते सांगून घ्या एवढंच. भांडायचं नाही मला.

---

हिंजवडी_हडळ

मी स्वतः पेशंट आहे त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. वय ३९, फुप्फुसाचाच कॅन्सर पण एएलके पॉझिटिव्ह (ईजीएफआरऐवजी एएलके नावाच्या जनुकात बदल), सिगारेटला हात लावलेला नाही. तरी पहिला प्रश्न प्रत्येकाचा तोच, ओढायचीस का गं? आता मी उलट विचारते, हवीये का?

अलेक्टिनिब सकाळी चार आणि रात्री चार कॅप्सूल. माझे त्रास तुमच्या आईसारखे नाहीत. पुरळ नाही, जुलाब नाही, उलट बद्धकोष्ठ. सुरुवातीला जिना उतरताना मांड्या अशा दुखायच्या की कठडा धरून बाजूने उतरायचे, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं निघालं. ऊन अजिबात सोसत नाही, स्कूटरवरून ऑफिसला जाऊन आले की हाताच्या वरच्या भागावर भाजल्यासारखं. वजन वाढलं, नाडी मंद झाली. पण कामाला जात होते, पोराचा अभ्यास घेत होते.

नंतर मेंदूत ठिपके दिसले म्हणून लोरलॅटिनिबवर टाकलं. हे औषध मेंदूत छान पोहोचतं, ठिपके गेले. पण मेंदूत पोहोचतं म्हणजे मेंदूला त्रासही देतं ना. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड आभाळाला, लगेच स्टॅटिन सुरू. त्यापेक्षा वाईट डोक्याचं. मीटिंगमध्ये बोलता बोलता साधा शब्द सापडेना, मी "ते... ते आपण दर शुक्रवारी करतो ते" असं म्हणत बसायचे आणि समोर सगळे गप्प. एकदा कंपास पेटी हरवली म्हणून पोरावर इतकी ओरडले की तो बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसला. मला वाटत होतं टेन्शनमुळे. नवऱ्याने ओळखलं, कारण गोळी बदलल्यापासूनच सुरू झालं होतं. त्याने डॉक्टरांना माझ्यासमोर सगळं सांगितलं, मला राग आला होता तेव्हा. डॉक्टरांनी काही दिवस थांबवून १०० चं ७५ केलं. शब्द बऱ्यापैकी परत आले, पोरगा पण.

तर कंदी, आईंना माझ्याकडून सांगा की डोस कमी करणं म्हणजे औषध काढून घेणं नाही. ह्या गोळ्यांना खालचे डोस ठरवलेलेच असतात, तुमच्या आईच्या गोळीचा ८० च्या खाली ४० आहे. डॉक्टर ते उगाच करत नाहीत, आधी पुरळ-नखं-जुलाब यांचे उपाय करतात, मग काही दिवस सुट्टी, मग डोस. स्वतःच्या मनाने लग्नाला जाताना घेतलेली सुट्टी आणि डॉक्टरांनी दिलेली सुट्टी यात फरक एवढाच की दुसरीत कोणीतरी लक्ष ठेवून असतं. आणि डॉक्टरांना वाटत असतं पेशंट पूर्ण डोस घेतोय, उद्या स्कॅन बिघडला तर ते म्हणतील औषध फेल गेलं, बदला.

---

सातारी_कंदी

हडळ, हे शेवटचं वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवलं. गप्प झाली. मग म्हणाली "त्या मुलीला सांग, पोराला जवळ घे."

---

हिंजवडी_हडळ

घेतलं काकू.

---

न्यूजर्सीचा_नाना

इकडे (अमेरिकेत) माझ्या सासूबाईंना अमिव्हँटामॅब आणि लॅझर्टिनिब असं जोड-औषध आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एफडीएने पहिल्या लाइनसाठी (म्हणजे सुरुवातीचंच औषध म्हणून) मंजूर केलं, एक सलाइनमधून आणि एक गोळी. कातडीच्या बाबतीत ओसिमर्टिनिबच्या चौपट म्हणा. डोक्याच्या त्वचेवर खपल्या, कंगवा फिरवता येत नाही. शिवाय पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात म्हणून पहिले चार महिने रक्त पातळ करायची गोळी सोबतच देतात.

पण यातून एक शिकण्यासारखं निघालं. त्रास व्हायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून डॉक्सिसायक्लिन, टाळूला क्लिंडामायसिन लोशन, हातापायांची नखं क्लोरहेक्सिडीनने धुणं आणि सेरामाइडचं मॉइश्चरायझर असं सगळं सुरू केलं तर कातडीचे मध्यम आणि जास्त त्रास साधारण निम्म्यावर येतात, असा अभ्यास २०२५ मध्ये आला. तेव्हा नवीन कोणी गोळी सुरू करणार असेल तर पहिल्याच भेटीत विचारा की आधीपासून काय लावायचं. साताऱ्यात सेरामाइड क्रीम मिळेल, महाग पडेल, न परवडल्यास साधं जाड वासविरहित क्रीमही चालतं असं इथली नर्स म्हणते. सुगंधी नको.

---

मालवणी_गजाली

मका एक सांगूचा हा पण मराठीतच लिहितो सगळ्यांना कळायला. जुलाब, नखं याने माणूस बेजार होतो पण घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. माझ्या मोठ्या भावाला हीच गोळी होती, सगळं मस्त. मग कोरडा खोकला सुरू झाला आणि बाथरूमपर्यंत जाऊन आला की धाप. घरातले म्हणाले हवा बदललीय, पावसाळा आहे. वहिनीने ऐकलं नाही, बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ९१ दिसला तशी थेट कणकवलीहून गाडी काढली. सीटीमध्ये न्यूमोनायटिस, म्हणजे औषधाचीच फुप्फुसाला सूज. गोळी त्याच दिवशी बंद, स्टिरॉइड सुरू. वाचला. नंतर त्याला दुसरी लाइन दिली.

हे फार लोकांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला थांबायला वेळ नसतो. नवीन खोकला, वाढलेली धाप, ताप, यातलं काही आलं तर पुढची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही. आजाराने पण धाप लागते, इन्फेक्शनने पण लागते, ते कुठलं हे सीटी केल्याशिवाय डॉक्टरला पण कळत नाही, आपण घरी बसून ठरवायचं नाही.

---

अकोला_एक्सप्रेस

मालवणींना +१. आणि किमोवाल्यांसाठी, ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्र असली तरी कॅज्युअल्टी. पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन तासातासाने वाढतं.

बाकी माझा विषय टीबी. बाबांना आधी टीबी समजून गावच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली होती, एक्स-रेवर तसंच दिसतं म्हणे, आपल्या देशात टीबी इतका आहे की पहिला संशय तोच. पुढे बायोप्सीत कॅन्सर निघाला. मुद्दा असा की काही लोकांना दोन्ही असतं आणि टीबीमधलं रिफाम्पिसिन हे गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांची रक्तातली पातळी खूप खाली आणतं. लोरलॅटिनिबसोबत तर चालतच नाही, लिव्हरला धोका. बाबांचं टीबीचं निदान नंतर खोडून काढलं म्हणून प्रश्न सुटला. कोणाला दोन्ही असेल तर छातीच्या डॉक्टरांना आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, फाइल घेऊन मध्ये आपण धावण्यापेक्षा.

---

संत्रानगरी

अकोला, आमच्याकडे पण बायोप्सीच्या आधी टीबीच म्हणून राहिले होते सगळे.

---

शांतादुर्गा_प्रसन्न

मडगावहून. आमच्या यजमानांची केस वेगळी आहे. तीस वर्षं सिगारेट, स्क्वॅमस प्रकार, म्युटेशन काही नाही, पीडी-एल१ (इम्युनोथेरपी लागू पडेल का याचा अंदाज देणारं गाठीतलं प्रथिन) भरपूर आलं म्हणून इम्युनोथेरपी, पेंब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाइन. केस गेले नाहीत, उलटी नाही, आम्हाला वाटलं सुटलो. काही महिन्यांनी माणूस नुसता बसून राहायला लागला. पेपर वाचेना, मासळी आणायला जाईना, ऐन मे महिन्यात स्वेटर मागायचा. सगळे म्हणाले डिप्रेशन, आजारपण मनाला लागलंय. टीएसएच बघितलं तर थायरॉइड पार बंद पडलेलं. रोज सकाळी थायरॉक्सिन सुरू केलं, आता परत बाजारात जाऊन इसवणाच्या भावावरून भांडतात.

इम्युनोथेरपीत आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या कुठल्याही अवयवावर उठू शकते, आणि औषध बंद केल्यानंतरही काही महिन्यांनी होऊ शकतं. वर कंदीने जुलाबाचं लिहिलंय त्यावरून सांगते, गोळीवाल्यांना जुलाब झाले तर ताक, पेज, ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेलं लोपेरामाइड यावर बहुतेकदा भागतं. इम्युनोथेरपीवाल्यांना जुलाब झाले तर ती आतड्याची सूज असू शकते, तिथे लोपेरामाइड घेऊन झाकायचं नाही, स्टिरॉइड लागू शकतात. यजमानांच्या पाकिटात कार्ड आहे, इम्युनोथेरपी चालू आहे, स्टिरॉइडबद्दल ऑन्कोलॉजिस्टला फोन करा असं लिहिलेलं. रात्री ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टरला ते दाखवायचं.

---

निवांत_निशाचर

शांतादुर्गा, चांगलं लिहिलंत. एक प्रश्न खूप लोक विचारतात म्हणून इथेच लिहिते, ईजीएफआर किंवा एएलके असलेल्यांनी "आम्हाला पण इम्युनोथेरपी द्या, ती लेटेस्ट आहे" म्हणून मागे लागू नये. त्यांच्यात ती सहसा नीट चालत नाही, आणि आधी इम्युनोथेरपी देऊन लगेच ओसिमर्टिनिब दिलं तर न्यूमोनायटिसचा धोका वाढतो. म्हणूनच म्युटेशनचा रिपोर्ट यायच्या आधी घाई करू नका म्हणतात. ते दोन-तीन आठवडे जीव खातात पण थांबावं.

---

रोखठोक_रमाकांत

साइड इफेक्टमध्ये खर्च धरायचा का? कारण आमच्याकडे सगळ्यात मोठा तोच झाला. २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये ओसिमर्टिनिबवरची कस्टम ड्युटी काढली, पेपरात मोठी बातमी, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. दुकानातला भाव त्या मानाने थोडाच हलला. कंपनीची पेशंट मदत योजना असते, काही महिन्यांचं औषध विकत घेतलं की पुढचं त्यांच्याकडून, असं काहीसं, ते हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, डॉक्टरांना बरेचदा तपशील माहीत नसतात. गेफिटिनिब आता भारतीय कंपन्यांचं बरंच स्वस्त मिळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची नेमकी ट्रीटमेंट बसते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या, तोंडी नको.

व्हॉट्सॲपवर शेजारच्या देशातून निम्म्या किमतीत गोळ्या आणून देणारे एजंट असतात. माझ्याही नंबरवर आले. बिल नाही, बॅच नंबर खरा का खोटा कोण बघणार, आणि आत खडू असला तर स्कॅन बिघडल्यावरच कळणार.

---

दुकानदार_भाऊ

रमाकांत, एजंटाचं बरोबर बोललात. आणि मंडळी, पैसे वाचवायला एकाआड एक दिवस गोळी घेणारे पण आहेत. लाजून सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगा, परवडत नाही हे पण सांगा, ते परवडणारा पर्याय काढतात.

---

सातारी_कंदी

अपडेट देते. काल पुण्याला जाऊन आलो. गाडीत आईला सांगून ठेवलं होतं की तू नाही बोललीस तर मी बोलणार. बसल्या बसल्या डॉक्टरांनी नेहमीसारखं "काय म्हणताय आजी" केलं, आई म्हणाली "तसं बरंय", आणि मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच चप्पल काढून पाय पुढे केला. डॉक्टर खुर्चीवरून उठून खाली वाकून बघायला लागले. म्हणाले एवढं झालं तोवर गप्प का बसलात. चुकवलेल्या गोळ्यांचं पण सांगून टाकलं. ओरडले नाहीत, फक्त कुठल्या महिन्यात किती ते लिहून घेतलं, कारण स्कॅनशी जुळवून बघायचं होतं.

आता असं ठरलंय. गोळी थोडे दिवस बंद, त्यांच्या सांगण्याने. त्याच मजल्यावर स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, डाव्या अंगठ्याला सिल्व्हर नायट्रेट लावलं, मलम आणि पायाला व्हिनेगरचं पाणी (पंचगंगेकाठी, तंतोतंत तेच प्रमाण!). ईसीजी काढला, टूडी इको पण सांगितला, या गोळीने कधी कधी हृदयाचं पंपिंग कमी होतं म्हणून. नखं निवळली की आधी ८० च परत, आणि पुन्हा तसंच झालं तर ४०. किमोचं नावही काढलं नाही. बाहेर आल्यावर आई म्हणते, "एवढंच होतं तर आधी का नाही आणलंस मला." मी कपाळाला हात लावला.

एक विचारायचं राहिलं डॉक्टरांना. आईची दाढ दुखतेय, काढायला सांगितलीय. मणक्यासाठी तिला दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन असतं. दात काढायला काही अडचण?

---

दुकानदार_भाऊ

थांबा थांबा, दातवाल्याकडे अजिबात परस्पर जाऊ नका. हाडांच्या त्या इंजेक्शनवर असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडून सडू शकतं. आजच ऑन्कोलॉजिस्टच्या असिस्टंटला मेसेज टाका की दाढ काढायची आहे, पुढचं सलाइन द्यायचं का. दातवाल्याला पण त्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून द्या.

---

सातारी_कंदी

अरे देवा. उद्या सकाळी अकराची अपॉइंटमेंट होती. कॅन्सल करते आणि मेसेज टाकते.